गाणे कुठल्या वाटेने येते? घरच्या स्ट्रीमरविषयी वाचकांचे प्रश्न

घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरला स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरची गाणी ॲम्प्लिफायरपर्यंत आणणारी छोटी पेटी, जोडून ऑनलाइन गाणी ऐकणाऱ्यांची पत्रे आता दर अंकाला येतात. त्यांतली काही निवडून या वेळी उत्तरे देत आहोत. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांचे मूळ एकच आहे. गाणे सर्व्हरवरून निघून स्पीकरपर्यंत कुठल्या वाटेने पोचते, हे पेटी विकताना कोणी सांगत नाही. ती वाट आधी ओळखावी, मग बटणे दाबावीत.

प्रश्न : आमच्याकडे वीसेक वर्षांपूर्वीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर चांगल्या स्थितीत आहेत. मुलीने दुबईहून छोटा स्ट्रीमर पाठवला आहे. तो कसा जोडावा? मी स्पॉटिफाय ऐकतो, मुलाच्या आयफोनवर ॲपल म्युझिक आहे आणि आई अँड्रॉइड फोनवर यूट्यूब लावून अभंग ऐकते. तिघांचे एकाच पेटीवर जमेल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : जमेल, पण तिघांची गाणी तीन वेगळ्या वाटांनी येणार आहेत.

आधी वायर. स्ट्रीमरच्या मागे लाल-पांढरी आरसीए भोके असतील तर आरसीए ते आरसीए केबल लागेल. फक्त हेडफोनसारखे साडेतीन मिलिमीटरचे भोक असेल, तर एका टोकाला ती पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए अशी केबल घ्या. ॲम्प्लिफायरवर ती ऑक्स, सीडी, ट्यूनर किंवा टेप यांपैकी कुठेही लावा. फोनो लिहिलेल्या जागी मात्र लावू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेयरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असते. तिथे आवाज शंभरेक पट वाढवला जातो आणि खर्जही मुद्दाम उचलला जातो, त्यामुळे स्ट्रीमरचा आवाज घुमून फाटतो. ‘स्ट्रीमर खराब निघाला’ अशा तक्रारींत हे कारण बऱ्याचदा निघते. दुबईच्या अडॅप्टरची पिन तीन चपट्या पायांची असते. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेले असेल तर साधा पिन बदलणारा सॉकेट पुरे, ट्रान्सफॉर्मर नको.

मग स्ट्रीमरचे स्वतःचे ॲप फोनवर घ्या. पहिल्या जोडणीपुरते फोनचे ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा. ब्लूटूथचा इथे गाण्याशी काही संबंध नाही. वायफायचा पासवर्ड फोनकडून पेटीकडे पोचवायला त्याचा उपयोग होतो. पेटी वायफायला लागली की ती बहुधा लगेच नवे फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतले सॉफ्टवेअर, मागेल. ते आधी करून घ्या आणि तेवढा वेळ वीज काढू नका. नंतर पेटीला नाव द्या, ‘हॉल’ किंवा ‘माडी’ असे छोटे. हेच नाव पुढे प्रत्येक ॲपमध्ये दिसते.

आवाजाची एक सेटिंग इथेच ठरवा. ॲपमध्ये ‘फिक्स्ड व्हॉल्यूम’ असे काहीतरी असते. ती चालू केली की पेटी पूर्ण ताकदीचा सिग्नल देते आणि आवाज ॲम्प्लिफायरच्या बटणाने कमी-जास्त करायचा. तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरला बटण आहे, तेव्हा हे चालेल. मात्र त्यानंतर फोनवरून आवाज हलणार नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा. बटण नसलेल्या पॉवर ॲम्प्लिफायरला किंवा आतच ॲम्प्लिफायर असलेल्या ॲक्टिव्ह स्पीकरला पेटी थेट जोडली असेल, तर ही सेटिंग चुकूनही चालू करू नये. पहिले गाणे सुरू होताच पूर्ण आवाज येईल आणि ट्विटर, म्हणजे स्पीकरचा उंच स्वरांचा भाग, जळू शकतो.

आता तुमचे स्पॉटिफाय. स्ट्रीमरच्या ॲपमध्ये लॉगइन शोधत बसू नका. स्पॉटिफायच्याच ॲपमध्ये गाणे सुरू करा, खालच्या पट्टीवर डिव्हाइसचे चिन्ह दाबा आणि यादीतून ‘हॉल’ निवडा. याला स्पॉटिफाय कनेक्ट म्हणतात. निवडल्या क्षणापासून पेटी गाणे थेट इंटरनेटवरून ओढते आणि फोन फक्त रिमोट उरतो. फोन आला, फोन बंद पडला, तुम्ही बाजाराला गेलात, तरी गाणे थांबत नाही. फोनची बॅटरीही खर्च होत नाही. तिन्ही वाटांत ही सर्वांत भरवशाची.

ॲपल म्युझिक बहुतेक स्ट्रीमरच्या आत बसवलेले नसते. मुलाने आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधून एअरप्लेचे चिन्ह दाबून ‘हॉल’ निवडायचा. इथे गाणे आधी फोनवर येते आणि फोन ते वायफायवरून पेटीकडे पाठवतो. म्हणून मुलगा फोन खिशात घालून घराबाहेर पडला की गाणे बंद. स्ट्रीमरवर या वाटेने आवाज सीडीच्या दर्जापर्यंत, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत येतो. ॲपल म्युझिकवर गाणे २४ बिट १९२ किलोहर्ट्झचे असले तरी ते इथे खाली उतरवले जाते. घरात ऐकायला सीडीचा दर्जा पुष्कळ झाला.

आईंचे यूट्यूब सर्वांत अडचणीचे. अँड्रॉइड फोनवरून त्याला गूगल कास्टची वाट लागते आणि ती तुमच्या पेटीत हवी. शिवाय यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक ही दोन वेगळी ॲप आहेत. साध्या यूट्यूबमधले कास्टचे चिन्ह पडदा असलेली उपकरणेच दाखवते. फक्त आवाज देणारी पेटी त्या यादीत येत नाही, आणि लोक राऊटर बदलण्यापर्यंत जातात. यूट्यूब म्युझिक उघडा, तेच अभंग तिथे शोधा, मग कास्टच्या यादीत ‘हॉल’ दिसेल. पेटीत कास्ट नसेलच तर आईंसाठी ब्लूटूथ ठेवा.

पुढच्या वेळी विकत घेताना खोक्यावर तीन नावे शोधा : स्पॉटिफाय कनेक्ट, एअरप्ले २ आणि गूगल कास्ट. तिन्ही असतीलच असे धरून चालू नका. स्ट्रीमर बनवणाऱ्या विम (WiiM) कंपनीचेच पाहा. तिच्या मिनी मॉडेलमध्ये एअरप्ले आहे, कास्ट नाही. प्रोमध्ये दोन्ही आहेत. त्याहून महाग अल्ट्रामध्ये कास्ट आहे, एअरप्ले नाही. किंमत पाहून घेणाऱ्याची इथे फसगत होते. आधी घरात कोण काय ऐकते त्याची यादी करा, मग दुकानात जा.

प्रश्न : आमचे घर जुने, चिऱ्यांच्या दीड-दोन फुटी भिंतींचे, मध्ये राजांगण. राऊटर पुढच्या बाल्कांवाशेजारच्या, म्हणजे ओसरीलगतच्या, खोलीत आहे, स्ट्रीमर मागच्या माजघरात. पेटी वायफायला लागते, तिच्यावर हिरवा दिवा येतो, पण स्पॉटिफायच्या यादीत कधी दिसते, कधी नाही. दिसली तर दोन गाण्यांनंतर तुटते. मागच्या बाजूला सिग्नल मिळावा म्हणून दुसरा राऊटरही बसवला आहे. — सावई-वेरे येथील वाचक

उत्तर : पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत. ‘दिसत नाही’ हे एक आणि ‘तुटते’ हे दुसरे. ती वेगळी करून बघा.

पेटी दिसत नाही ती बहुतेक त्या दुसऱ्या राऊटरमुळे. फायबर देणारी कंपनी जी पेटी भिंतीवर लावून जाते, ती स्वतःच राऊटर असते. तिच्यातून केबल काढून दुसऱ्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचे इंटरनेट आत घेणाऱ्या भोकात, घातली की घरात दोन स्वतंत्र नेटवर्क तयार होतात. फोन पुढच्या राऊटरवर, स्ट्रीमर मागच्यावर. इंटरनेट दोघांनाही मिळते, म्हणून हिरवा दिवा लागतो. पण फोन आणि पेटी एकमेकांना हाक मारतात ती फक्त आपल्याच नेटवर्कमध्ये ऐकू जाते. तुम्ही फोन घेऊन मागे गेलात आणि तो मागच्या राऊटरवर गेला की पेटी दिसते. पुढे आलात की नाहीशी होते.

खात्री करायची सोपी रीत आहे. फोनच्या वायफाय तपशिलात आयपी पत्ता बघा आणि स्ट्रीमरच्या ॲपमध्ये पेटीचा पत्ता बघा. पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत. एक १९२.१६८.१.२५ आणि दुसरा १९२.१६८.०.१०४ असा असेल तर रोगाचे निदान झाले.

उपाय म्हणजे दुसऱ्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकणे. मग तो वेगळे नेटवर्क न करता पहिल्याचेच पुढे नेतो. बहुतेक नव्या राऊटरमध्ये हा पर्याय नावानिशी असतो. तो निवडा, राऊटर पुन्हा सुरू होईल, काम झाले. जुन्या राऊटरमध्ये हा पर्याय नसेल तर हाताने करावे लागते, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुसऱ्या राऊटरचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या मालिकेतला, पण कोणी न वापरलेला द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. मग त्याचे डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करा. शेवटी पहिल्या राऊटरकडून येणारी केबल वॅनमधून काढून लॅन, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, पोर्टमध्ये घाला. डीएचसीपी आधी बंद केले तर राऊटर नव्याने जोडलेल्या फोनला पत्ता देत नाही, सेटिंगचे पान उघडत नाही आणि रिसेट करण्यावाचून मार्ग उरत नाही.

नेटवर्क एकच असूनही पेटी दिसत नसेल तर पुढचे तपासा. फोनवर व्हीपीएन चालू आहे का? असेल तर बंद करून बघा. आयफोन असेल तर सेटिंगमधल्या प्रायव्हसीच्या भागात ‘लोकल नेटवर्क’ची यादी उघडा. त्यात स्पॉटिफाय आणि स्ट्रीमरचे ॲप दोन्ही चालू हवेत. पहिल्यांदा ॲप उघडताना आलेला प्रश्न घाईत नाकारला की इथे ते बंद राहते. पेटी पाहुण्यांच्या, म्हणजे गेस्ट नेटवर्कवर लागली आहे का तेही बघा. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. राऊटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ नावाची खूण चालू असेल तर तोच परिणाम होतो. फोन ५ गिगाहर्ट्झवर आणि पेटी २.४ वर असणे हा दोष नाही. राऊटर एकच असेल तर दोघे एकाच नेटवर्कवर असतात.

आता तुटण्याविषयी. चिरा वायफायला जाड पडतो, आणि पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा आणखी. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा दोन भिंतींपलीकडे जवळजवळ संपते. २.४ पोचते, पण शेजाऱ्यांच्या राऊटरांशी तिची गर्दी होते. स्ट्रीमरच्या ॲपमध्ये किंवा राऊटरच्या पानावर सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसत असेल तर तो वाचा. उणे ६० च्या आसपास असला तर निश्चिंत राहा. उणे ७० च्या खाली गेला की गाणे अडखळणार. राऊटरमध्ये २.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११ असा हाताने ठरवा. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ यांतला घ्या, कारण वरचे काही चॅनेल बऱ्याच स्ट्रीमरना दिसतच नाहीत. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए ३ वर ठेवली असेल तर जुने स्ट्रीमर जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र असा पर्याय निवडा.

पण अशा घरात आमचा सल्ला केबलचाच. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत निर्धोक चालते आणि राजांगणाच्या कडेने कौलांखालून पाइपमधून सहज नेता येते. मागच्या राऊटरला केबल गेलेलीच आहे, तर स्ट्रीमरही त्याच्याच लॅन पोर्टला लावा. पेटीला इथरनेटचे, म्हणजे नेटवर्क केबलचे, भोक असेल तर ते वापरा, वायफाय बंद ठेवा. सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त रिपीटर मात्र टाळा. एकाच लहरीवर घेणे आणि देणे दोन्ही करायचे असल्याने त्यांचा वेग जवळजवळ निम्मा होतो, आणि काही रिपीटर वर सांगितलेली हाकही पुढे जाऊ देत नाहीत.

महाग इंटरनेट प्लॅन घेऊन यातले काही सुटणार नाही. ३२० केबीपीएसच्या गाण्याला तासाला १४४ एमबी लागतात. सीडीच्या दर्जाला साधारण ४०० एमबी. २४ बिट ९६ किलोहर्ट्झचे गाणे न आवळता पाठवले तरी ते ५ एमबीपीएसच्या आत बसते. गावातल्या साध्या फायबर प्लॅनला हे जड नाही.

प्रश्न : ब्लूटूथने सगळेच चालते, मग एवढी यातायात कशाला? — म्हापशाहून

उत्तर : घाईत एखादे गाणे लावायला ब्लूटूथ ठीक आहे. पण त्यात फोन गाणे उघडतो, पुन्हा आवळतो आणि मग पाठवतो. आवळण्याच्या पद्धतींपैकी आयफोन एएसी वापरतो. अँड्रॉइडमध्ये एलडीएसी दोन्हीकडे असेल तर जास्तीत जास्त ९९० केबीपीएस मिळतात, नाहीतर एसबीसीवर साधारण ३२८. शिवाय फोनची घंटा आणि व्हॉट्सॲपचा टणत्कार स्पीकरवर वाजतो, आणि चिऱ्याच्या एका भिंतीपलीकडे फोन नेला की आवाज तुटतो. रोज ऐकणाऱ्याने वायफायचीच वाट धरावी.

प्रश्न : माझे ऐकणे मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीताचे. केसरबाई, मोगूबाई, अभिषेकीबुवा. लॉसलेस, म्हणजे आवाजातले काही न गाळता पाठवणाऱ्या, प्लॅनसाठी जास्त पैसे मोजावेत का? आणि शोधताना बरेच काही सापडत नाही, ते का? — निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर : तुमच्या यादीतल्या सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही.

केसरबाई केरकरांची ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची गायकी घ्या. मूळ ध्वनिमुद्रणच तीन-साडेतीन मिनिटांचे, वरच्या पट्ट्या कमी आणि सुईची खरखर असलेले. ते २४ बिटमध्ये मागवून मूळ तबकडीत नव्हते ते काही येणार नाही. फरक पडतो तो तबकडीवरून कोणी, कुठल्या प्रतीवरून आणि किती जपून उतरवले याचा. खरखर काढण्याच्या नादात काही संग्रहांत तंबोराही धुऊन गेला आहे आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. म्हणून एकच चीज दोन-तीन संग्रहांत सापडली तर तिन्ही ऐका आणि जिथे थोडी खरखर पण तंबोरा जिवंत आहे ती प्रत लायब्ररीत ठेवा.

जितेंद्र अभिषेकींची एलपीच्या आणि नंतरच्या काळातली ध्वनिमुद्रणे वेगळी. तिथे स्टुडिओचा दर्जा चांगला आहे आणि लॉसलेसचा फायदा तंबोऱ्याच्या झंकारात आणि तबल्याच्या चाटीच्या बोलांत ऐकू येतो, अर्थात स्पीकर तसे असतील तर. भारतात ॲपल म्युझिक २०२१ पासून लॉसलेस वेगळे पैसे न घेता देते. स्पॉटिफायने ते २०२५ मध्ये आणले, २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत, आणि भारतात ते वरच्या प्लॅनमध्ये आहे. प्लॅन घेतल्यावर स्ट्रीमरचे फर्मवेअरही त्याला तयार हवे, नाहीतर पैसे वरचे आणि आवाज जुनाच. गाणे वाजत असताना स्क्रीनवर लॉसलेसची खूण दिसते का बघा.

पैसे मोजण्याआधी चार सेटिंग बदला. त्यांचा फरक प्लॅनपेक्षा जास्त आहे. क्रॉसफेड शून्यावर आणा, नाहीतर भैरवीच्या शेवटच्या षड्जावर पुढचे गाणे चढते. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारे ‘ऑडिओ नॉर्मलायझेशन’ बंद करा. विलंबित ख्याल आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतील तर त्यांच्या आवाजातले अंतर गायकाने ठेवले तसे राहू द्या. ‘ऑटोप्ले’ बंद करा, म्हणजे यमन संपल्यावर सिनेमाचे गाणे सुरू होणार नाही. ‘गॅपलेस’ चालू ठेवा. काही संग्रहांत एकच मैफल तुकडे करून चढवलेली असते आणि टाळ्यांच्या मधे खंड पडतो. कास्टच्या वाटेने हा खंड जास्त जाणवतो, स्पॉटिफाय कनेक्टने कमी.

सापडत नाही त्याचे कारण नावांच्या नोंदी. चढवणाऱ्याने कधी गायकाचे नाव ‘कलाकार’ म्हणून दिले, कधी संगीतकाराचे, कधी नुसते संग्रहाचे. नाट्यगीत बहुधा पदाच्या पहिल्या ओळीने नोंदलेले असते, नाटकाच्या नावाने क्वचित. देवनागरीत शोधा, मग रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगने शोधा. रागाच्या नावाला गायकाचे आडनाव जोडून शोधले की पुष्कळदा हाती लागते. एकदा सापडले की लगेच प्लेलिस्टमध्ये टाका. संग्रहांचे हक्क बदलतात, आज दिसणारे उद्या दिसेलच असे नाही.

म्हणूनच घरातल्या सीडी टाकू नका. संगणकावर त्या फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात उतरवा. एक सीडी साधारण ३०० ते ४०० एमबी होते, तेव्हा ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर दीडशे ते दोनशे मावतील. स्ट्रीमरला यूएसबी असेल तर पेनड्राइव्ह थेट लावता येतो, पण ते यूएसबी फाइल वाचणारे आहे की फक्त विजेसाठी आहे, हे पुस्तिकेत बघा. छोट्या पेट्यांमध्ये ते बहुधा विजेचेच असते. तसे असेल तर राऊटरच्या यूएसबीला पेनड्राइव्ह लावून राऊटरचा मीडिया सर्व्हर चालू करा. स्ट्रीमरच्या ॲपमध्ये तो डीएलएनए किंवा ‘होम म्युझिक शेअर’ अशा नावाखाली दिसेल. फाइलींची नावे तुम्ही देवनागरीत, राग आणि ताल लिहून ठेवलीत तर शोधण्याचा त्रास कायमचा संपेल.

प्रश्न : लंडनमधल्या भावाने त्याच्या कोबझ खात्यात मला सामावून घेतले आहे. स्ट्रीमरच्या ॲपमध्ये कोबझ आणि टायडलची चिन्हे दिसतात, पण इथून नवे खाते उघडता येत नाही. — बाणावली

उत्तर : चिन्ह दिसणे म्हणजे सेवा इथे मिळणे नव्हे. ॲप जगभर एकच असते. कोबझ आणि टायडल या दोन्ही सेवा भारतात अधिकृतपणे विकल्या जात नाहीत. भावाच्या खात्याने लॉगइन झाले तरी ते त्याच्या देशाच्या नियमांवर चालते आणि कधीही बंद पडू शकते. त्यावर अवलंबून महाग स्ट्रीमर घेऊ नका.

प्रश्न : आमचे चार खोल्यांचे होमस्टे आहे. बाल्कांवात स्पीकर लावला आहे. पाहुण्यांना आपापल्या फोनवरून गाणी लावता यावीत, पण आमच्या नेटवर्कमध्ये शिरकाव नको. — पेडणे तालुका

उत्तर : पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे ठेवलेत हे योग्य. स्ट्रीमरही त्याच नेटवर्कवर न्या आणि त्या नेटवर्कपुरते आयसोलेशन बंद करा. तुमचा संगणक, कॅमेरे आणि बिलिंग मुख्य नेटवर्कवर राहू द्या. काही राऊटरमध्ये गेस्टचे आयसोलेशन बंदच होत नाही. तिथे जुना राऊटर मुख्य राऊटरच्या मागे वॅनमध्ये केबल घालून लावा आणि पाहुणे व स्ट्रीमर त्याच्यावर ठेवा. सावई-वेऱ्याच्या वाचकांना जे मोडायला सांगितले, तेच इथे मुद्दाम उभारायचे. मात्र अशा मांडणीत मागच्या नेटवर्कवरून पुढच्यातले उपकरण गाठता येऊ शकते. तेव्हा वेगळा व्हीलॅन, म्हणजे एकाच राऊटरमध्ये पूर्ण तोडलेले नेटवर्क, देणारा राऊटर परवडत असेल तर तोच घ्या.

पेटीत तुमचे स्वतःचे खाते घालू नका. एका स्पॉटिफाय खात्यावर एका वेळी एकच ठिकाणी गाणे चालते. तुम्ही स्वयंपाकघरात लावले की पाहुण्याचे थांबेल. पाहुणा कनेक्टने स्वतःच्या खात्यातून लावू शकतो, तेच बरे. स्ट्रीमरच्या ॲपमध्ये जास्तीत जास्त आवाजाची मर्यादा असते, ती ६० टक्क्यांवर ठेवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या सेवांची वैयक्तिक खाती फक्त खासगी ऐकण्यासाठी असतात. धंद्याच्या जागेत, पाहुण्यांसाठी वाजवलेले संगीत त्यात बसत नाही, त्याला ध्वनिमुद्रणाच्या हक्कदारांचा परवाना लागतो. लग्नसमारंभांना यातून मोकळीक देणारे राज्य सरकारचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले, तेव्हापासून या बाबतीत इथे ढिलाई करून चालत नाही. पाहुण्याने खोलीत लावलेले गाणे आणि तुम्ही बाल्कांवात सर्वांसाठी लावलेले गाणे यांत फरक आहे. परवान्याची चौकशी आधी करा.

प्रश्न : सात-आठ वर्षे उत्तम चाललेला स्ट्रीमर अचानक लॉगइन घेईना. फॅक्टरी रिसेट केला, तरी नाही. पेटी बिघडली का? — पणजी

उत्तर : बहुधा पेटी ठणठणीत आहे, तिचे ओळखपत्र जुने झाले आहे. सेवा आणि पेटी एकमेकांना सुरक्षा प्रमाणपत्रांनी ओळखतात आणि त्यांना मुदत असते. मार्च २०२५ मध्ये गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ या पेट्या जगभर याच कारणाने एकदम बंद पडल्या. काही दिवसांत कंपनीने दुरुस्ती पाठवली. घाईने फॅक्टरी रिसेट केलेल्यांना पेटी पुन्हा जोडणे जास्त जड गेले, म्हणून रिसेट हा नेहमी शेवटचा उपाय. दुसरे कारण म्हणजे सेवा आपली जुनी पद्धत बंद करते. स्पॉटिफायने जुन्या उपकरणांत वापरले जाणारे सॉफ्टवेअर २०२२ मध्ये थांबवले, तेव्हा कित्येक चांगले रिसीव्हर त्या सेवेपुरते मुके झाले.

क्रमाने असे करा. पेटीची तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, चुकीच्या तारखेला प्रमाणपत्र नाकारले जाते. फर्मवेअर तपासा. मग संगणकावरून सेवेच्या खात्यात जाऊन जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून पेटी काढा आणि नव्याने जोडा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर सगळीकडचे लॉगइन उडते, हेही विसरू नका. एवढ्याने झाले नाही आणि कंपनीने फर्मवेअर देणे थांबवले असेल, तर लहान नवा स्ट्रीमर घ्या. जुन्या पेटीला ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने सिग्नल घेणारे, इनपुट असेल तर नवा त्यात जोडा. गाणी आणायचे काम नवा करील आणि आवाजाचे काम जुन्यातला चांगला डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलपासून आवाजाचा सिग्नल बनवणारा भाग, करीत राहील.

प्रश्न : पावसाळ्यात वीज गेली-आली की स्ट्रीमर गोंधळतो. शिवाय हल्ली एका बाजूचा आवाज अधूनमधून जातो आणि मागे हलकी घरघर ऐकू येते. घर समुद्रापासून जवळ आहे. — कोलवाळ मार्गे आलेले पत्र, मोरजी

उत्तर : वीज आल्यावर स्ट्रीमर अर्ध्या मिनिटात जागा होतो, पण फायबरची पेटी आणि राऊटर यांना दोन-चार मिनिटे लागतात. नेटवर्क न सापडल्याने काही स्ट्रीमर तिथेच अडकून बसतात. आधी फायबरची पेटी, मग राऊटर, शेवटी स्ट्रीमर या क्रमाने चालू करा. कायमचा उपाय म्हणजे फायबरची पेटी आणि राऊटर यांना छोटा डीसी यूपीएस. घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाही, आणि पिनची जाडीही जुळावी लागते. राऊटरमध्ये स्ट्रीमरचा आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे वीज आल्यावर तो बदलणार नाही. विजा कडाडत असतील तर ॲम्प्लिफायर आणि राऊटरचे प्लग काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण टीव्हीच्या केबलमधून आणि सॉकेटमधून येते.

एका बाजूचा आवाज जातो तो खाऱ्या हवेने. आरसीएच्या पिना काढून बघा, धातूवर हिरवट थर दिसेल. सगळ्यांची वीज बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर पिनेवर फवारा, पिन भोकात चार-पाच वेळा फिरवा आणि दहा मिनिटे सुकू द्या. पावसाळ्याआधी आणि चवथ आटोपल्यावर, असे वर्षातून दोनदा पुरे. सॅंडपेपर वापरू नका, मुलामा गेला की गंज आणखी वेगाने चढतो. ॲम्प्लिफायरचे आवाजाचे बटण फिरवताना खरखरत असेल तर त्याचाही हाच आजार आहे.

घरघर ५० हर्ट्झची, एकसुरी असेल तर ती अर्थिंगच्या फेऱ्याची आहे, म्हणजे उपकरणे वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने वायरींचे वर्तुळ तयार झाले आहे. स्ट्रीमर, ॲम्प्लिफायर आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. टीव्हीची केबल काढून बघा, तेवढ्याने घरघर थांबली तर चोर सापडला. ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर स्ट्रीमर त्याच वाटेने जोडा. ऑप्टिकल केबलमध्ये धातूचा संबंधच नसल्याने घरघरही जाते आणि पिना गंजण्याचा प्रश्नही उरत नाही. फक्त ती तीव्र कोनात वाकवू नका, आणि टोकावरची प्लास्टिकची टोपी लावण्याआधी काढा. ती न काढता लावली की आवाजच येत नाही.